वीस अंशांचा ट्राउट आणि मे महिन्यातली गिरणा

शाळेपासूनचा माझा एक मित्र इंग्लंडात लीड्सला राहतो, मूळ आमच्या पाचोऱ्याचाच. तिकडे गेल्यावर पोराला गळाने ट्राउट मासा धरायचं वेड लागलं. उन्हाळ्यात एकदा त्याचा मेसेज आला की भो, मासेमारीच्या क्लबनं नदीच बंद केली, पाणी २० अंशांच्या वर गेलं म्हणून. मी म्हटलं, २० अंश? अरे आपल्याकडे एवढं गार पाणी बघायला थंडीत पहाटे उठावं लागतं, आणि तुम्ही त्याला गरम म्हणून गेट लावताय! लई हसलो. मग त्याने फोन करून नीट समजावलं, आणि ते ऐकल्यापासून मी उन्हाळ्यात नदीवर जायची पद्धतच बदलली, म्हणून हे लिहितोय.

गोष्ट अशी आहे की ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्याचा मासा. पाणी जेवढं गार तेवढा त्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो. १० अंशाला लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम, २० ला ९, ३० ला साडेसात. आता आकडे बघून वाटेल की यात काय एवढं, पण उलटीकडून बघा, पाणी तापलं की माशाचं अंग पण जोरात चालतं, त्याला ऑक्सिजन जास्त लागतो, आणि नेमका तेव्हाच तो कमी मिळतो. अशा वेळी गळाला लागलेला ट्राउट दोन मिनिटं झुंजला की पार दमतो. तुम्ही सोडून देता, तो शेपटी हलवत निघून जातो, तुम्हाला वाटतं वा काय पुण्य केलं, आणि तो पुढे जाऊन दोन तासांनी कुठल्यातरी दगडाखाली मरतो. म्हणून तिकडचे शहाणे लोक १८ ला सावध होतात आणि २० ला रॉड गुंडाळतात. २५ च्या आसपास तर ब्राउन ट्राउटच्या जिवाशीच खेळ असतो. अमेरिकेत मोंटाना राज्यात तर नियमच आहे, पाणी सलग ३ दिवस २३ अंशांच्या आसपास गेलं की दुपारी २ पासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद. दुपारपासून का, तर नदीचं पाणी हवेच्या मागून तापतं, उन्हाचा कडाका १-२ वाजता असला तरी पाणी सगळ्यात गरम संध्याकाळी ५-६ ला असतं, आणि सगळ्यात गार सूर्य उगवताना. म्हणजे आपण ज्याला "संध्याकाळचा गारवा" म्हणतो तीच वेळ ट्राउटसाठी सगळ्यात वाईट.

पाणी कमी पण अजून १६-१७ अंशांवर असेल तर मात्र मित्र मासे धरायला जातो, आणि तेव्हाची त्याची रीत मला फार आवडली. पाणी आटलं की काचेसारखं नितळ होतं आणि मासा तुम्हाला २० फुटांवरून बघतो. मग उभं राहायचं नाही, वाकून, काठापासून मागे, खालच्या अंगाने वर चढत जायचं, कारण मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो, तुम्ही त्याच्या पाठीमागे राहता. लूअर, म्हणजे खोटं आमिष, वरच्या बाजूला फेकायचा आणि प्रवाहापेक्षा जरा जास्त वेगाने ओढायचा, नाहीतर स्पिनरचं (गरगर फिरणाऱ्या पात्याचा लूअर) पातं फिरतच नाही, नुसता दगडात जाऊन अडकतो. नेहमीचा ६-७ ग्रॅमचा स्पिनर ठेवून द्यायचा, २-३ ग्रॅमचा बारका, तांब्याच्या किंवा काळ्या रंगाचा, चकचकीत चांदी नको. दोरी पातळ. तीन काट्यांचा गळ काढून एकच काटा, तोही बिनदातेरी (टोकामागे उलटा दात नसलेला), म्हणजे मासा पाण्यातल्या पाण्यातच सुटतो. आणि खोल शांत डोहावर वेळ घालवायचा नाही. तिथे मासे दिसतात पण ढुंकून बघत नाहीत. जिथे पाणी दगडांवर आपटून फेसाळतं तिथे हवा मिसळलेली असते, भुकेला ट्राउट तिथे असतो, गुडघाभर पाण्यात सुद्धा. एक अडचण म्हणजे तिकडच्या बऱ्याच क्लबांना स्पिनर चालतच नाही, फक्त फ्लाय, म्हणजे पिसा-दोऱ्याची खोटी माशी. याच्यावरून तो जे काय बोलतो ते मी इथे लिहीत नाही.

आता आमची गिरणा नदी. मे महिन्यात तुम्ही भडगाव-पाचोरा पट्ट्यात पुलावरून खाली बघितलं असेल तर माहितीच आहे, नदी म्हणून जी काही असते ती म्हणजे वाळू, वाळू उपसून केलेले खड्डे, मधेमधे डांगरवाड्या (वाळूतले टरबूज-खरबुजाचे मळे), आणि कुठेतरी खडकाच्या आडोशाला किंवा बंधाऱ्याच्या मागे उरलेला हिरवा डोह. बाहेर ४४-४५. मी ॲक्वेरियमच्या दुकानातून काचेचं थर्मामीटर आणलं, त्याला दोरी आणि नट बांधला आणि डोहात सोडायला लागलो (लोक बघतात, बघू दे). दुपारी काठाला पाणी ३३-३४ भरतं, खाली खोलात २९-३०. म्हणजे मित्राच्या हिशोबाने ही नदी वर्षातले बहुतेक दिवस बंदच ठेवायला पाहिजे. पण आपले मासे उन्हातच जन्मलेले, रोहू-कटल्याला २८-३० अंशाचं काही वाटत नाही, चिलापी (तिलापिया) तर त्याहून निबर. आकडा आपला वेगळा आहे, २० चा नियम उचलून इथे लावण्यात अर्थ नाही. नियमामागचं कारण मात्र तेच, ऑक्सिजन.

आणि इथेच एक गंमत आहे जी मला फार उशिरा कळली असती, शेततळ्यात मत्स्यपालन करणारा एक ओळखीचा शेतकरी नसता तर. सगळे सांगतात ना, उन्हाळ्यात पहाटे जा, पाणी गार असतं, मासा खातो. वाहत्या नदीत बरोबर आहे. पण साचलेल्या हिरव्या डोहात शेवाळ दिवसभर उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्री उजेड गेला की सोडायचं बंद करतं, उलट स्वतःच ओढून घेतं, मासेही ओढतात, तळाचा कुजका पाला पण ओढतो. रात्रभर हा खर्च चालू आणि जमा शून्य, त्यामुळे सूर्योदयाच्या जरा आधी डोहातला ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. म्हणून तर शेततळ्यावाले रात्री उशिरा, पहाटे एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळायचं यंत्र, चालू करतात. अशा डोहावर तुम्ही पहाटे ५ ला गेलात तर कटले वर येऊन तोंडाचा आ करून पाणी पिताना दिसतात, गोल ओठ, एकामागून एक, आणि आपल्याला वाटतं काय मासा खेळतोय आज! खेळत नाही तो, गुदमरतोय. त्याच्यासमोरून कुठलाही लूअर न्या, बघणार नाही, आणि चुकून पाठीत अडकला तर तो मेलाच म्हणून समजा. अशा वेळी मी बसून राहतो, चहाचा थर्मास उघडतो, ऊन पाण्यावर येऊन तास-दीड तास होऊ देतो. ८ नंतर पाणी पुन्हा श्वास घेण्यासारखं होतं आणि अजून तापलेलं नसतं. आमच्या डोहांची वेळ ही, ८ ते साडेनऊ. ट्राउटवाल्यांची ५ ते ८.

याला अपवाद एकच, मरळ. मरळीला पाण्यातल्या ऑक्सिजनची फिकीर नाही कारण ती वरून हवा घेते, डोक्यात कल्ल्यांच्या वर तिच्यासाठी वेगळी पोकळीच असते. इतकं की तिला वर येऊच दिलं नाही, जाळ्यात खाली अडकवून ठेवलं, तर ती पाण्यात बुडून मरते. मासा बुडून मरतो हे लहानपणी कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. म्हणून पाणी आटलेलं, तापलेलं, शेवाळलेलं, अशा डोहात लूअर टाकायचा तर तो मरळीलाच. बाकीच्यांना सोडा बिचाऱ्यांना.

मरळीसाठी लूअर म्हणजे पोकळ रबरी बेडूक, दोन काटे पाठीला चिकटून वर वळलेले, म्हणजे शेवाळात अडकत नाही. रॉड ७ फुटी जरा कडक, दोरी ब्रेडेड म्हणजे विणलेली, जाड, इथे ट्राउटचा नाजूकपणा चालत नाही, मरळ लागली की थेट जलपर्णीत घुसते आणि तिथून पातळ दोरीने ओढून काढायला गेलात तर दोरीही जाते, बेडूकही जातो. मी पहिल्यांदा हे घेऊन गेलो तेव्हा डोहावर जाळं सावडत बसलेले एक भोई आजोबा होते. बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, "काय भाऊ, रबरना बेडूकवर मरळ येस का कधी?" मी म्हटलं, बघू ना आबा. त्यांनी बोटानं दाखवलं, शेवाळाच्या दोन चकत्यांच्या मधल्या फटीत पाणी हललं, आधी नाक, मग गपकन असा आवाज, मग दोन-तीन बुडबुडे, झालं. "हवा लेवाले वर येस ती, तव्हय टाक, पन डोकावर नको टाकू."

हे एक वाक्य मी पाहिलेल्या सगळ्या यूट्यूब व्हिडिओंपेक्षा कामाचं निघालं. ती हवा घेऊन खाली जाते पण लांब जात नाही. बुडबुडे दिसले की त्याच्या ५-६ फूट पलीकडे शेवाळावर बेडूक टाकायचा, पाण्यात नाही, शेवाळावरच. तिथून टप, टप, थांबा, टप असा ओढत फटीपाशी आणायचा आणि कडेवरून पाण्यात सोडून द्यायचा. आणि मग काहीच करायचं नाही. हे काहीच न करणं सगळ्यात अवघड. कधी शेवाळ खालून फुगतं, बेडकाच्या मागे मागे फुगत येतं, आपल्या छातीत धडधड, आणि ती येऊन नुसती बघून जाते. कधी मात्र धाडकन, फरशी पडावी तसा आवाज होतो. तेव्हा लगेच झटका दिला की बेडूक रिकामा तुमच्या तोंडावर येतो. एक-दोन क्षण थांबायचं, दोरी ताणली गेली की मगच, आणि मग दणकून.

मासा हातात आल्यावरचं पण सांगतो कारण इथे बहुतेक जण घाण करतात. मे महिन्यातली वाळू चपलेतून पाय भाजते. त्या वाळूवर फोटोसाठी मासा आडवा टाकला की त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, कातडी भाजते, मग सोडून काय उपयोग. मरळ हवा घेते म्हणून ती बाहेर बराच वेळ टिकते हे खरं, पण भाजायला तिला पण भाजतंच. हात ओले करा, मासा पाण्याच्या वरच धरा, फोटो काढा, सोडा. खायचा असेल तर खा, त्यात काही गुन्हा नाही, मरळीचं कालवण मला पण आवडतं, पण मग एकच घ्या आणि लगेच मारा, पिशवीत तडफडत ठेवू नका. धरण, तलाव, बंधारा असेल तर तिथे बहुतेक ठिकाणी मच्छीमार संस्थेचा ठेका असतो, आधी त्यांना विचारा, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, आपला रविवारचा.

आटलेल्या डोहांचं सगळ्यात मोठं दुखणं लूअरवाले नाहीतच. मासा एका जागी कोंडला गेला की काही टोळकी रात्री बॅटरी-इन्व्हर्टर घेऊन करंट सोडतात, नाहीतर पाण्यात विष टाकतात, सकाळी पिल्लांसकट सगळं पांढरं वर. विष टाकून आणि स्फोट करून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, सव्वाशे वर्षं झाली. ज्यांच्याकडे तक्रार घेऊन गेलो त्यांनी मला विचारलं, तुमचा मासा होता का?

असो. गिरणेची खरी मजा आवर्तन सुटल्यावर. गिरणा धरणातून पिण्यासाठी पाणी सोडलं की वरून जामदा बंधाऱ्याकडून ते घरंगळत खाली येतं, आधी फेस, काडीकचरा, चहासारखं पाणी. पहिल्या दिवशी कोणी जाऊ नका, काही मिळत नाही आणि पाणी अचानक वाढतं, वाळूच्या खड्ड्यांत पाय गेला तर थांग लागत नाही. दोन-तीन दिवसांनी जरा निवळलं की डोहात कोंडलेला मासा प्रवाहाच्या तोंडाशी येतो, आणि तेव्हा मित्राची ती ट्राउटची रीत इथे जशीच्या तशी चालते. वाकून, खालून वर, दगडावर आपटणाऱ्या पाण्यात, २-३ ग्रॅमचा स्पिनर. ट्राउट नाही पण तळहाताएवढ्या चिलाप्या अशा येतात की पोरं घरी चलायचं नाव घेत नाहीत. थर्मामीटर तेव्हा दोन-तीन अंश खाली आलेलं असतं, तेवढंच पुरतं.

खरा ट्राउटच पाहिजे असेल तर इंग्लंड कशाला, हिमाचलात तीर्थन आहे, बरोटची ऊहल आहे, मत्स्य विभागाचं परमिट काढायचं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिकडे बंदी असते. आपल्या शाळांच्या सुट्टीत मे-जूनला गेलात तर बर्फ वितळून नदी फुगलेली आणि गढूळ मिळेल, मार्च-एप्रिल किंवा पावसाळा सरल्यावर जा. काश्मीरात १९०० च्या सुमारास साहेबानं ब्राउन ट्राउटची अंडी बोटीनं आणून सोडली होती, तिथूनच हे सगळं सुरू झालं. आपल्या नशिबात सातपुड्याच्या अलीकडे मरळच.

जून लागून पहिला पूर आला की मी फ्रॉग डब्यात बंद करतो. मरळीची वीण तेव्हाच. आठ-पंधरा दिवसांत काठाजवळ पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका दिसायला लागतो, शेकडो, परातीएवढी जागा सतत बुडबुडल्यासारखी, आणि त्याच्या बरोबर खाली आई-बाप राखण करत. त्या घोळक्यावर बेडूक टाकला की मरळ हमखास तुटून पडते, भूक म्हणून नाही, राग म्हणून, त्यामुळे हा सगळ्यात सोपा डाव आहे आणि रील्सवर सगळ्यात जास्त तोच दिसतो. मोठी उचलली की पिल्लं तासाभरात बाकीच्या माशांच्या आणि बगळ्यांच्या पोटात. डोहावर कोणी हे करताना दिसलं तर मी भांडतो, ओळखीचा असला तरी, हे आधीच सांगून ठेवतो.