एकच जन्म, मग मागे काय उरतं?

नाशिकच्या रामकुंडावर अस्थी घेऊन लांबलांबहून माणसं येतात. अशा गावात राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो: तुमच्यात पुनर्जन्म नाही, श्राद्ध नाही, पिंडदान नाही; मग माणूस गेल्यावर त्याचं उरतं काय? शेजारी विचारतात, दफनविधीला आलेले मित्र कबरस्तानाच्या फाटकाबाहेर दबक्या आवाजात विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माणूस एकदाच जन्मतो, एकदाच मरतो आणि मग देवासमोर उभा राहतो, असं आम्ही मानतो. ख्रिस्त तिसऱ्या दिवशी उठला, तसे आपणही उठवले जाऊ ही आमची आशा. येशूचा प्रेषित पौल याने करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, लिहिलेल्या पत्रात दाण्याचा दाखला दिलाय: पेरतो तो नुसता दाणा, उगवतं ते त्याहून निराळं. तरीही मूठमूठ माती देताना आम्ही रडतो. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी खुद्द येशू रडला, तिथे आम्ही कोण? आणि सार्वकालिक जीवन म्हणजे मेल्यावर हाती येणारं बक्षीस नव्हे. येशूने प्रार्थनेत म्हटलंय की एकाच खऱ्या देवाला आणि त्याने पाठवलेल्या ख्रिस्ताला ओळखणं, हेच ते जीवन. म्हणजे ते इथेच सुरू होतं, रोजच्या कामाधंद्यात.

पण तुमच्या प्रश्नातला खरा काटा ‘नाव’ हा असतो, असं मला वाटतं. घर, संस्था, मुलंबाळं, निदान दगडावर कोरलेली दोन अक्षरं तरी राहावीत. ही ओढ मला कळते. वडिलांच्या कबरेवरची अक्षरं अस्पष्ट होऊ लागली तेव्हा माझ्याही पोटात कालवलं होतं. यासाठी मी नेहमी आपल्या शरणपूरची गोष्ट सांगते.

शरणपूर रोडवरून आपण रोज जातो. एकोणिसाव्या शतकात तिथे मिशनची वसाहत होती. गुलामांच्या जहाजांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे राहत, शिकत, सुतारकाम-लोहारकाम करत. जेकब वेनराइट त्यांतलाच एक. १८७२ मध्ये तो आणि शरणपूरचे आणखी काही तरुण आफ्रिकेत स्कॉटिश मिशनरी आणि शोधक डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या मदतीला गेले. १८७३ च्या मे महिन्यात, आजच्या झांबियात, लिव्हिंगस्टन वारला. त्याचं हृदय सोबत्यांनी तिथेच एका झाडाखाली पुरलं. जेकबने प्रार्थना वाचली, झाडावर मजकूर कोरला. मग त्या सगळ्यांनी देह सुकवून, गुंडाळून हजार मैलांहून अधिक वाट तुडवत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. वाटेत साथीदार आजारी पडले, काही मेले. पुढे देहासोबत इंग्लंडपर्यंत जेकबच गेला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तोही होता.

त्या थडग्याच्या दगडावर लिव्हिंगस्टनचं नाव ठळक आहे. आणणाऱ्यांबद्दल मात्र एवढंच: विश्वासू हातांनी, जमीन आणि समुद्र ओलांडून आणलेला. हातांची नावं नाहीत. हे मला अन्यायाचं वाटतं, आणि जेकबचं नाव नाशिकच्या मुलांना शाळेत सांगितलं जावं, असं मी मनापासून म्हणते. पण दगडावर नाव नाही म्हणून ती वाटचाल वाया गेली का? ज्या देवाने त्याला जहाजाच्या तळघरात पाहिलं, त्याला दगड वाचायची गरज नाही. माझा वारसा मी त्या देवाच्याच हाती ठेवते. वडिलांचाही.

यावर कुणी म्हणतं, परलोकावर एवढी भिस्त असेल तर इथे राबायचं कशाला? मला उलट दिसतं. करिंथच्या त्याच पत्रातला पुनरुत्थानावरचा पौलाचा अख्खा अध्याय, ५८ ओव्यांचा, शेवटी येऊन थांबतो तो श्रमांवर: तुमचे श्रम प्रभूमध्ये व्यर्थ नाहीत. ज्याला स्वतःचं नाव टिकवायची घाई नसते, तो आजारी शेजाऱ्यापाशी रात्रभर बसू शकतो. पुढे कोण आठवण काढेल, असा हिशेब त्याला करावा लागत नाही. अशी माणसं मी आमच्या मंडळीत पाहिली आहेत. त्यांच्या नावाची पाटी कुठेच नाही.

श्राद्ध नाही म्हणजे स्मरण नाही, असं मात्र समजू नका. कॅथोलिक कुटुंबं २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरी साफ करून मेणबत्त्या लावतात. आमच्यातल्या कितीतरी मंडळ्या इस्टरच्या पहाटे कबरस्तानातच उपासना करतात, कारण पुनरुत्थानाची बातमी पहिल्यांदा कबरेपाशीच कळली. तुम्हाला यायचं असेल तर जरूर या. बाहेर फाटकाशी थांबू नका, आत या. फुलं आणली तर चालतील का, हेही तुम्ही विचारलं होतंत. शेवंती, झेंडू, काहीही चालेल.