मोज्यातली वीसची नोट

जानेवारीत मुंबईची मॅरेथॉन धावायची, हे मी ऑगस्टात ठरवलं. ऑगस्टात ठरवायला काय जातं! पैसे भरले, बूट घेतले, चारचौघांना सांगूनही झालं. मग पहाटे पाचचा गजर वाजायला लागला.

सुरुवातीला कॉलेजच्या मैदानावर जायचो. एक फेरी 400 मीटरची. म्हणजे दहा किलोमीटरला 25 फेऱ्या, आणि दर फेरीला फाटकाजवळ लावलेली आपली स्कूटी दिसणार. पाय दमायच्या आधी मन त्या स्कूटीवर जाऊन बसायचं. सोळाव्या फेरीला मला हटकून आठवायचं, की घरी दूध न्यायचंय.

म्हणून साक्री रोड धरला. धुळ्यातून निघायचं, ठरल्या फाट्याला शिवायचं आणि मागे फिरायचं. या सरळ रस्त्याची गंमत अशी, की जिद्द फक्त जातानाच लागते. येताना काय, घरी तर यायचंच असतं! गुरं घेऊन निघालेले एक आजोबा मला पहिल्यांदा पाहून थबकले आणि माझ्या मागे लांबवर बघत म्हणाले, "काय रे भो, कोन मांगे लागनं?" कोणी नाही म्हटल्यावर त्यांना जास्तच काळजी वाटलेली दिसली.

काळजी घरीही होतीच. "अहो, वीस रुपये तरी जवळ ठेवा. पाय मुरगळला तर काळीपिवळीत बसून या." तेव्हापासून चार घड्या घातलेली पोपटी नोट माझ्या उजव्या मोज्यात असते. तिचा कोपरा घोट्याला टोचतो. परत येईपर्यंत ती घामाने अशी भिजते, की बनियनशेजारी चिमटा लावून वाळत घालावी लागते. आणि काळीपिवळीवाले तरी कसे! मी जरा चालायला लागलो, की गाडी हळू करून विचारणार, "बठनं शे का भाऊ?" मोज्यात नोट आहे हे यांना कसं कळतं कोण जाणे.

थंडीत आणखी एक शत्रू वाढतो. रविवारी लांबचं पळणं असतं, आणि शनिवारी रात्री कोणाच्या ना कोणाच्या मळ्यात भरीत. काड्यांवर भाजलेली वांगी, वर तेलाचा तवंग, कळण्याची भाकरी आणि ठेचा. "उद्या पळायचंय" म्हटलं, की हमखास उत्तर येतं, "मग जेव ना नीट!" त्या जेवणाचा हिशोब दुसऱ्या दिवशी आठव्या किलोमीटरला चुकता होतो. खोलात जात नाही.

पळताना डोकं भलतंच काही उकरतं. मॅरेथॉन 42 किलोमीटर आणि वर 195 मीटर. 1908 साली लंडनला शर्यत विंडसर राजवाड्यापासून सुरू झाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या सज्जासमोर संपली. ते अंतर 1921 साली कायमचं ठरलं. त्यांची बसायची सोय झाली आणि मी इथे डिसेंबरात नाक पुसत त्या 195 मीटरची तयारी करतोय.

गेल्या रविवारी 26 किलोमीटर होते. तेरावर फाटा आला. थंडी अशी, की बोटं वळेनात. टपरीवर चहाला उकळी फुटलेली आणि आल्याचा वास रस्त्यापर्यंत आलेला. नोट काढली. टपरीवाल्याने ती ओली नोट चिमटीत धरून माझ्या मोज्याकडे पाहिलं, पण घेतली. एक चहा झाला, मग दुसरा. पैसे संपले म्हणताच एकदम हलकं वाटलं. आता पळण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. सहा किलोमीटर झकास गेले. मग पोटऱ्या दगड झाल्या आणि मी चालू लागलो.

मागून हॉर्न वाजला. "बठनं शे का भाऊ?"

मी ऐटीत रिकामे हात हलवले. "पैसा नहीत!"

त्याने दार उघडलं. "पैसा कोन मांगी राहिना?"