बुटांचा तास

बारावीच्या मागच्या बाकांवरची पोरं पहिल्या तासाला डुलक्या घेतात. मी उठवत नाही. पहाटे साडेचारपासून ती मेहकर रोडवर पळत असतात. अग्निवीरसाठी वय साडेसतरा पूर्ण लागतं, धावणं 1600 मीटर. कोरडवाहू सोयाबीनवर घर निघत नाही, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही.

त्या दिवशी इंग्रजीचे सर रजेवर होते, त्यांचा तास माझ्याकडे आला. मी रेमार्कची 1929 सालची 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' ही पहिल्या महायुद्धावरची कादंबरी मराठीत सांगायला घेतली. हा जर्मन लेखक अठराव्या वर्षी सक्तीच्या भरतीत गेला आणि वर्षभराच्या आत आघाडीवर जखमी झाला. महायुद्धाची कारणं वगैरे मी गुंडाळलीच. वर्गाला थेट दवाखान्यात, केमेरिख या जखमी पोरसवदा सैनिकाच्या खाटेपाशी नेलं.

केमेरिखचा पाय कापलाय, जगायची आशा नाही. सोबत भरती झालेले वर्गमित्र भेटायला आलेत, त्यात म्युलर आणि गोष्ट सांगणारा पॉल. खाटेखाली त्याचे मऊ पिवळ्या चामड्याचे उंच बूट. म्युलर ते बूट मागतो. पॉल त्याच्या पायावर पाय देतो, गप बस म्हणून.

वर्ग म्युलरवर चिडेल असा माझा अंदाज होता.

"सर, त्याचं काय चुकलं?" मागून आवाज आला. "ज्याच्या पायाले येते त्यानं घ्यावा ना. नाई तं दवाखान्यातला कोणी तरी नेईनच."

मग उलगडलं. पळायचे धड बूट या पोरांत दोनच जोड. ज्याची भरती जवळ आली, त्याच्या पायात ते जातात. आठ नंबरवाल्यानं नऊ नंबरचा घातला तर पुढं चवड्यात कापूस कोंबतो, घरचाच. पॉलही हेच सांगतो: केमेरिखला बुटांचा उपयोग असता, तर हाच म्युलर काटेरी तारेवरून अनवाणी चालला असता. युद्धानं पोरं दुष्ट होतात असं रेमार्क म्हणत नाही. दोस्ती शाबूत राहते आणि तिच्याच शेजारी बुटांचा हिशेबही चालतो. मला हे दुष्टपणापेक्षा भयंकर वाटतं. पुढं म्युलर मरतो, बूट पॉलकडे येतात. पॉल ते आणखी एकाला सांगून ठेवतो. यावर मात्र मागचे बाक काही बोलले नाहीत.

"केमेरिखच्या आईले कोणी सांगतलं?" एका मुलीनं विचारलं. तिचा भाऊ फौजेत आहे.

पॉल सुट्टीवर घरी येतो तेव्हा तिला भेटतो, मी म्हणालो. तुमचा मुलगा जागच्या जागी गेला, त्रास झाला नाही, असं शपथेवर खोटं सांगतो.

"बरं केलं," ती म्हणाली.

शेवटी कांटोरेक मास्तर. लांबलचक भाषणं देऊन यानंच अख्खा वर्ग भरतीला नेला. नको नको म्हणणारा बेम हा पोरगा सुरुवातीलाच मेलेल्यांत होता. आमच्या शाळेत पंधरा ऑगस्टचं भाषण माझ्याकडेच असतं, त्यामुळे हा भाग मी जरा भरभर उरकत होतो. पण पोरांना तोच आवडला. कारण पुढं मास्तरालाही सैन्यात बोलावतात आणि त्याचाच जुना विद्यार्थी मैदानावर त्याची कवायत घेतो.

वर्ग खदखदून हसला.

"सर, उद्या पाचले या मंग रोडवर."

गुडघ्याचं कारण सांगितलं. कोणी ऐकून घेतलं नाही.