१ टीबीचा पेनड्राइव्ह आणि वाचनालयाची जुनी पानं

पेनड्राइव्हवर १ टीबी छापलेलं होतं आणि संगणकही तेवढीच जागा दाखवत होता. आमच्या वाचनालयाच्या इतिवृत्ताच्या वह्या आणि जुने हस्तलिखित अंक, मिळून सहा हजारांच्या आसपास पानांचे फोटो त्यात ठेवलेले. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने सुट्टीत बसून एकेक पान कॅमेऱ्याने टिपलं होतं. फायलींची नावं, तारखा, आकार सगळं जागच्या जागी. पण साधारण चार हजारांनंतरची एकही फाइल उघडेना. "ताई, कॉपी करताना एकही एरर आला नव्हता. दोन-चार फोटो उघडूनसुद्धा बघितले होते," तो सांगत होता. त्याचं म्हणणं खरंच होतं. नुकती कॉपी केलेली फाइल उघडली की संगणक बऱ्याचदा ती स्वतःच्या मेमरीतूनच दाखवतो. पेनड्राइव्ह काढून, पुन्हा लावून मग तपासलं तरच खरं काय ते कळतं.

तो पेनड्राइव्ह ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळाला होता. त्यावर नवीन काही लिहायचं नाही हे पक्कं करून मी लिनक्सवर डीडीरेस्क्यू या प्रत काढणाऱ्या साधनाने त्याच्या सुरुवातीच्या भागाची प्रत काढून घेतली. मग न उघडणारी एक फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधले कच्चे आकडे दाखवणाऱ्या साधनात, उघडली. जेपीईजी फोटोची सुरुवात नेहमी 'एफएफ डी८' अशी होते. इथे पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत नुसती शून्यं. फाइल बिघडलेली नव्हती, ती तिथे कधी लिहिलीच गेली नव्हती.

यात होतं असं की आतली चिप लहान क्षमतेची असते, पण तिचा कारभार पाहणाऱ्या कंट्रोलरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे आत भरलेल्या प्रोग्रॅममध्ये, मोठा आकडा भरून ठेवतात. संगणक त्या आकड्यावर विश्वास ठेवतो. फायलींच्या नावांचा तक्ता सुरुवातीच्या, खऱ्या जागेत असतो, म्हणून यादी शाबूत दिसते. खरी जागा संपली की पुढचा मजकूर कंट्रोलर गुपचूप टाकून देतो, किंवा काही पेनड्राइव्हमध्ये तो आधीच्याच फायलींवर चढतो. झटपट फॉरमॅट केल्यानेही हे उघडं पडत नाही, कारण त्यात फक्त तक्ता नव्याने लिहिला जातो.

प्रत सुरक्षित झाल्यावर एफ३ हे मोफत साधन चालवलं. त्यातला एफ३प्रोब हा भाग मोजक्या ठिकाणी लिहून-वाचून काही मिनिटांत अंदाज देतो. निकाल आला: बनावट, वापरता येण्याजोगी जागा ३२ जीबीच्या आतबाहेर. विंडोजवर हेच काम एच२टेस्टडब्ल्यू करतं, पण ते सगळी जागा भरून पाहतं. सेकंदाला १० एमबी वेग धरला तर १ टीबी नुसता लिहायलाच २७ तासांहून जास्त लागतात. तरी माझा भरवसा पूर्ण भरून पाहण्यावरच जास्त आहे.

राहिलेली दोन हजार पानं आम्हाला कॅमेऱ्याच्या कार्डाने दिली. ते ६४ जीबीचं कार्ड कॉपी झाल्यावर फॉरमॅट केलेलं होतं आणि नंतर त्यावर वार्षिक समारंभाचे थोडे फोटो काढले होते. कॅमेऱ्यातल्या साध्या फॉरमॅटने फोटो सहसा पुसले जात नाहीत, त्यांची फक्त नोंद जाते. फोटोरेक या पुसलेल्या फायली शोधणाऱ्या साधनाने बहुतेक सगळी पानं वर काढली. मात्र मूळ नावं गेली, त्यामुळे फोटोत नोंदलेल्या वेळेवरून क्रम लावावा लागला. हे काम किचकट आहे. बाकी सगळं यंत्राने केलं, पण वहीचं कुठलं पान कुठल्यानंतर येतं हे शेवटी आम्ही अक्षर वाचून ठरवलं. समारंभाच्या फोटोंनी खाल्लेली पानं वह्यांमधून पुन्हा टिपली. त्यातल्या एका वहीच्या कडा हात लावला की झडतात. ती दुसऱ्यांदा उघडायची वेळ आली याचं मला फार वाईट वाटलं.

एवढं झाल्यावर कार्यवाह काका म्हणाले, "अहो, परवाच्या कार्यक्रमात फुकट मिळालेत ना पेनड्राइव्ह, ते वापरू की." मी स्पष्ट नाही म्हटलं. जर्मनीतल्या सीबीएल या डेटा रिकव्हरी कंपनीने २०२४ मध्ये जे सांगितलं ते माझ्या डोक्यात होतं: त्यांच्याकडे येणाऱ्या बंद पेनड्राइव्हमध्ये निर्मात्याचं नाव खरवडलेल्या, गुणवत्तेत नापास झालेल्या चिप सापडू लागल्या होत्या, आणि जाहिरातीसाठी वाटलेले पेनड्राइव्ह त्यात विशेष होते. वर व्हायरसची भीती वेगळीच. तैवानमध्ये २०१७ च्या डिसेंबरात सायबर सुरक्षेच्याच कार्यक्रमात पोलिसांनी बक्षीस म्हणून २५० पेनड्राइव्ह वाटले, त्यातल्या ५४ मध्ये व्हायरस निघाला. मुद्दाम कुणी घातला नव्हता, ठेकेदाराच्या संगणकातून आला होता. वाचनालयाच्या ज्या संगणकावर सभासदांची नोंद आहे, त्याला असलं काही लावू देणार नाही, असं मी काकांना सांगितलं. त्यांना ते पटलं.

आता फोटो दोन हार्ड डिस्कवर आहेत, एक वाचनालयात आणि एक खजिनदारांच्या घरी. प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा आकडा, वेगळा जपून ठेवलाय आणि दर तिमाहीला तो मुलगाच ताळा करतो. छापखान्यात किंवा झेरॉक्सवाल्याकडे फाइल न्यायची तर एक वेगळा पेनड्राइव्ह आहे, पूर्ण भरून तपासलेला. परत आला की आधी फॉरमॅट होतो, मगच कपाटात जातो.