गॅमा स्फोट : पहिली पाच मिनिटं

गॅमा किरण स्फोट म्हणजे दूरच्या अवकाशातून थोडा वेळ येणारा गॅमा किरणांचा प्रचंड झोत. त्याच्यामागोमाग दिसणारा प्रकाश ढोबळमानाने वेळेच्या व्यस्त प्रमाणात विझतो. पहिल्या मिनिटाला १५व्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप, आकडा जितका मोठा तितका प्रकाश फिका) असलेला ठिपका दहाव्या मिनिटाला साडेसतराव्या प्रतीवर येतो आणि तासाभरात १९च्या पलीकडे जातो. म्हणून आरशाच्या आकाराइतकाच दुर्बीण कधी पोचते हाही प्रश्न महत्त्वाचा. २३ जानेवारी १९९९च्या स्फोटाने ते लख्ख दाखवलं. लॉस अलामोसचं रोत्से-१ म्हणजे कॅनन कॅमेऱ्याच्या २०० मिलिमीटरच्या चार लेन्स एका बैठकीवर बसवलेलं यंत्र. स्फोटानंतर २२ सेकंदांत त्याने पहिलं चित्र घेतलं आणि मिनिटभराच्या आत प्रकाश ९व्या प्रतीपर्यंत चढलेला सापडला. नऊ अब्ज वर्षं प्रवास करून आलेला तो प्रकाश साध्या द्विनेत्रीतून दिसला असता!

असे स्फोट टिपणाऱ्या स्विफ्ट उपग्रहाची पहिली सूचना बहुधा मिनिटाच्या आत येते, जागा साधारण ३ आर्कमिनिटांपर्यंत (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) नेमकी. लडाखमधल्या हानले इथली ०.७ मीटरची 'ग्रोथ-इंडिया' दुर्बीण (भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि आयआयटी मुंबई यांची) सुमारे ०.७ अंश रुंदीचं आकाश एका चित्रात घेते, त्यामुळे ही जागा त्यात आरामात मावते. फर्मी या दुसऱ्या उपग्रहाच्या सूचनेत मात्र चूक कित्येक अंशांची असू शकते. तिथे आकाशाचे चौकोन पाडून, शक्यता जास्त तिथून सुरुवात करावी लागते.

दुर्बीण चालवणाऱ्या आज्ञावलीने सूचना येताच सूर्य, क्षितिजावरची उंची, चंद्र आणि हवामान तपासावं. चालू एक्स्पोजर संपण्याची वाट पाहू नये, ते तोडावं. सुरुवातीला १० सेकंदांची चित्रं, मग ६०, मग ३००. प्रत्येक वेळी दुर्बीण काही आर्कसेकंद (आर्कमिनिटाचा साठावा भाग) सरकवावी. ताऱ्यासारखा भासणारा बिघडलेला पिक्सेल चिपवर जागचा हलत नाही, तारा हलतो. चोर तिथेच पकडला जातो.

सगळ्यात फसवी चूक घुमटाची. दुर्बीण वळते, घुमटाची फट मागे रेंगाळते आणि आरसा अर्धा झाकलेला राहतो. चित्रात तारे गोल, फोकस ठीक, सगळं नेहमीसारखं. फक्त प्रत्येक तारा पाऊण प्रतीने फिका. डोळ्यांना ते कळत नाही. म्हणून दर चित्राचा झीरो पॉइंट (चित्रातल्या उजेडावरून प्रत काढायचा आकडा) पॅन-स्टार्सच्या, म्हणजे ताऱ्यांच्या मोजलेल्या प्रतींच्या, यादीशी ताडून पाहायलाच हवा, नाहीतर स्फोट 'उजळत गेला' असा खोटा निष्कर्ष निघतो.

नवा ठिपका दिसला की आधी लघुग्रहांची यादी पाहावी. काहीच दिसलं नाही तर आय आणि झेड (लालच्या पलीकडच्या अवरक्त प्रकाशाचे) फिल्टर लावून पाहावेत : स्फोट फार दूरचा असेल तर वाटेतला हायड्रोजन आर (लाल) फिल्टरमधला प्रकाश गिळून टाकतो. तरीही रिकामंच राहिलं तर कितव्या प्रतीपर्यंत काही नव्हतं ते कळवावं, आणि सोबत चित्राच्या मध्याची वेळ स्फोटाच्या क्षणापासून मोजून द्यावी. त्या वेळेशिवाय आकड्याचा कुणालाच उपयोग होत नाही.