फलकावर काय कोरावे?

आम्ही काही शेकडो स्वयंसेवक मिळून आंतरजालावर जो शब्दकोश रचत आहोत, त्यात एक लाखावा शब्द नोंदला गेला, तेव्हा त्या टप्प्याचा स्मृतिफलक घडवण्याचे काम माझ्याकडे आले. धातू आणि आकार यांचा विचार करण्याआधी मजकुरावर बसावे लागले, कारण फलक वाचणारा माणूस बहुधा आपल्याला ओळखत नसतो आणि नुसती ‘एक लाख’ ही संख्या त्याला काहीच सांगत नाही. पहिला मसुदा ऐंशी शब्दांचा झाला होता. त्यातील विशेषणे एकेक करून गळली, ती गळायलाच हवी होती.

नावांचा प्रश्न मात्र खरोखर कठीण होता. एकाचे नाव कोरले तर शंभरांवर अन्याय होतो आणि सर्वांची कोरली तर ती यादी होते. पोलंडमधील स्वुबित्से येथे २०१४ साली विकिपीडियाचे स्मारक उभारले गेले. त्यावर कोरलेल्या मजकुरात जगभरच्या हजारो अनाम संपादकांना मानवंदना आहे, आणि सामूहिक कामासाठी हाच मार्ग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो.

पितळ हा तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे. तो हवेत काळवंडतो, म्हणून लोक त्याला घासत राहतात आणि वर्षानुवर्षांच्या घासण्याने अक्षरांच्या कडाच झिजून जातात. त्यामुळे मी तांबे आणि कथिलाचे कांस्य सुचवले, कारण त्यावर काळाच्या ओघात येणारा गडद थर शोभून दिसतो. देवनागरीची अडचण वेगळी आहे. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार व वेलांट्या एकमेकांत शिरतात, म्हणून रोमन लिपीला पुरेल त्याहून बरेच अधिक अंतर दोन ओळींत ठेवावे लागते. जोडाक्षरांतील लहान पोकळ्या ओतकामात बुजतात, तेव्हा सारख्या जाडीच्या रेषांचे अक्षरवळण निवडणे श्रेयस्कर. तीन मीटरवरून सहज वाचता यावे यासाठी अक्षरांची उंची सुमारे २५ मिलिमीटर धरली.

क्यूआर कोड घालण्याचा आग्रह काहींनी केला. मी तो मानला नाही, कारण दुवा धातूच्या कितीतरी आधी मरतो आणि मग फलकाच्या मधोमध एक मुका चौकोन उरतो.

शेवटी मजकूर पूर्ण आकारात कागदावर छापून भिंतीला लावला आणि शब्दकोशाशी संबंध नसलेल्या एका स्नेह्यांना वाचायला बोलावले. दिनांक, संख्या, स्वयंसेवकांचा उल्लेख, सारे त्यांनी शांतपणे वाचले आणि विचारले, ‘‘पण तो एक लाखावा शब्द कोणता होता?’’ हे लिहायला आम्हा कोणालाच सुचले नव्हते. तळाच्या ओळीतील आभाराचे वाक्य काढून तिथे आता तो शब्द येईल: निथळणे.