टोल नाही, मग पैसा येतो कुठून?

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातून सुट्टीवर आले की मुलुंडला मामाकडे एक संध्याकाळ ठरलेली असते. मामा बांधकाम खात्यातून निवृत्त झालाय, निम्मी नोकरी रायगड-रत्नागिरीत गेली. त्यामुळे ‘अमेरिकेतले रस्ते म्हणजे पोटातलं पाणी हलत नाही’ ही टेप मामेभाऊ लावतो, मामा नाही. यंदा मामानं थेट विचारलं, “तुमच्या मिनेसोटात टोलनाके नाहीत म्हणतेस. मग रस्त्याला पैसा देतं कोण?”

हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता, म्हणून उत्तर इथे सविस्तर देते.

आधी पोटातल्या पाण्याचं. मिनेसोटात ते चांगलंच हलतं. डांबराच्या भेगांत शिरलेलं पाणी रात्री गोठून फुगतं, दुपारी वितळतं, पुन्हा गोठतं, आणि वरून ट्रक गेला की ढलपा उडतो. आपल्याकडे जुलैत जी दशा असते ती तिथे मार्च-एप्रिलात. मात्र त्या दिवसांत बऱ्याच रस्त्यांवर ट्रकच्या वजनाची मर्यादा खाली आणतात, कारण बर्फ वितळून खालचा भराव मऊ झालेला असतो. यावर मामा बराच वेळ हसला. “पावसाळ्यात आमच्या डंपरवाल्याला सांगून बघ, बाबा रे, आज अर्धाच भर.”

आता पैसा. टोल अगदीच नाही असं नाही. मिनिॲपोलिस शहराच्या आसपास काही हायवेंवर एक खास लेन असते, गर्दीच्या वेळी गाडीत एकटेच असाल तर पैसे भरून तिच्यातून जाता येतं. पण मोठी रक्कम येते ती इंधनावरच्या करातून, दरवर्षीच्या नोंदणीकरातून आणि गाडी विकत घेतानाच्या विक्रीकरातून. तिथे राज्याला स्वतःची घटना असते आणि इंधनाचा कर रस्त्यांवरच खर्च करायचा, हे त्या घटनेतच लिहिलंय. पाच टक्के बाजूला काढून उरलेल्यातले ६२ टक्के राज्याच्या हायवेंना, २९ टक्के काउंटीच्या रस्त्यांना (आपल्या जिल्हा परिषदेचे समजा) आणि ९ टक्के शहरांना. मंत्री बदलला म्हणून ही वाटणी बदलत नाही.

आणि कर किती? राज्याचा दर बरीच वर्षं गॅलनमागे २८.५ सेंट होता, २०२३च्या कायद्यानं तो महागाईशी जोडला. केंद्राचे १८.४ सेंट १९९३ पासून जिथल्या तिथे आहेत. दोन्ही मिळून लिटरमागे दहा-अकरा रुपये धरा. मुंबईत जुलै २०२४ पासून राज्याचा व्हॅटच २५ टक्के आहे आणि वर लिटरमागे ५.१२ रुपये. म्हणजे मुलुंडच्या पंपावर आपण मिनेसोटावाल्यापेक्षा कितीतरी जास्त मोजतो. पण ते पैसे राज्याच्या तिजोरीत गेले की त्यातला रस्त्याचा रुपया कुठला, हे कुणालाच दाखवता येत नाही. २०१५ साली दुष्काळासाठी म्हणून पेट्रोलवर दोन रुपये वाढवले होते. पुढे पाऊस चांगला झाला, पण ते दोन रुपये लगेच काही गेले नाहीत.

तिकडचे लोक कर आनंदानं भरतात, असा समज मात्र नको. १९८८ ते २००८ राज्याचा दर २० सेंटवर अडकून होता. मे २००७ मध्ये विधिमंडळानं वाढ मंजूर केली आणि राज्यपालांनी ती नाकारली. (तिकडचा राज्यपाल म्हणजे आपला मुख्यमंत्री.) त्यानंतर १ ऑगस्ट २००७ ला, ऐन संध्याकाळच्या गर्दीत, मिनिॲपोलिसमधला मिसिसिपी नदीवरचा आय-३५ डब्ल्यू या हायवेचा पूल गाड्यांसकट खाली आला. १३ माणसं गेली, १४५ जखमी झाली. मुलांनी भरलेली एक शाळेची बस कठड्याला टेकून थांबली म्हणून वाचली. फेब्रुवारी २००८ मध्ये विधिमंडळानं वाढ पुन्हा मंजूर केली, राज्यपालांनी पुन्हा नाकारली, तेव्हा तो नकार मोडून काढला आणि कर वाढला. गंमत अशी की पडण्याचं मूळ कारण देखभाल नव्हतंच. १९६७च्या त्या पुलाच्या सांध्यांवरच्या पोलादी पट्ट्या मूळ आराखड्यातच पातळ धरल्या होत्या, आणि त्या दिवशी दुरुस्तीच्या सामानाचं ओझंही पुलावर होतं.

पट्ट्यांचं ऐकून मामा सरसावून बसला. त्याच्या डोक्यात २ ऑगस्ट २०१६ असणार हे मला ठाऊक होतं. महाडचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल, रात्रीचा पूर, पुलासकट वाहून गेलेल्या दोन एसट्या. “मेमध्ये तपासणी झाली होती,” मामा म्हणाला. “कागदावर पूल ठणठणीत होता.” नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. तिकडचा नवा पूलही सप्टेंबर २००८ मध्ये सुरू झाला, त्यात शेकडो सेन्सर बसवलेत. माणसं गेल्यावर पूल झटपट बांधणं दोन्हीकडे जमतं. दरवर्षी सांधे, बेअरिंग (खांबावर पूल टेकतो ते आधार), पाण्याचे निचरे बघत बसायला लागणारा पैसा मिळवणं दोन्हीकडे जड जातं, कारण त्याची फीत कापता येत नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र मी तिकडचं उघड कौतुक करते. २००३ पासून तिथे ‘शून्य मृत्यूकडे’ अशी मोहीम चालू आहे. बांधकाम खातं, पोलीस, आरोग्य विभाग आणि रुग्णवाहिकावाले एकत्र बसून अपघात कुठे आणि का झाला ते तपासतात. गावाकडून येणारा रस्ता वेगवान हायवेला छेदतो तिथे समोरासमोर पार जायचं बंद करून टाकतात. आधी उजवीकडे वळा (तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात), थोडं पुढे जाऊन यू-टर्न घ्या. लोक प्रत्येक वेळी बोंब मारतात, शेतकरी सर्वांत जास्त. पण आडवी टक्कर, जिच्यात माणूस हमखास जातो, तीच तिथून हद्दपार होते. दोन दिशांच्या मधल्या रेषेवर खाचा कोरलेल्या असतात. डुलकी लागून चाक त्यावर गेलं की सीटखालून असा घर्रर्र आवाज येतो की मागच्या सीटवरचं पोरही जागं होतं.

यातलं काहीच आपल्याला न झेपणारं नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर २०१६ साली १५१ जण दगावले. त्यानंतर सेव्हलाइफ फाउंडेशन ही रस्ते सुरक्षेवर काम करणारी संस्था, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलीस यांनी एकेक जागा हुडकून कठडे, तारांचे दुभाजक आणि फलक लावले, आणि काही वर्षांत तो आकडा निम्म्याच्या खाली आला. तेच डोकं मुंबईच्या आत का चालत नाही? डांबरी रस्त्यातला खड्डा पेव्हर ब्लॉकनं बुजवायचा, आणि दोन पावसांत ब्लॉक वर आला की स्कूटरवाल्यानं आपलं आपण बघायचं.

इथवर आल्यावर मामेभावानं विषय आपल्या नव्या इलेक्ट्रिक गाडीवर नेला. अटल सेतूवर टोल माफ, म्हणून स्वारी खूश. मी सांगितलं, मिनेसोटात उलटं आहे. पेट्रोल भरत नाहीस म्हणजे रस्त्याचा कर बुडवतोस, म्हणून इलेक्ट्रिक गाडीवाल्याकडून दरवर्षी वेगळा अधिभार घेतात. त्याला ते भयंकर अन्यायाचं वाटलं. मामाचं म्हणणं, मुंबईच्या वेशीवरचे पाच नाके २०२४ मध्ये छोट्या गाड्यांना माफ झाले, आता इलेक्ट्रिकलाही माफी, म्हणजे लोकलनं जाणाऱ्यानं तुमच्या पुलाचे बेअरिंग बदलून द्यायचे. यावर दोघांची जुंपली ती मामीनं पानं वाढेपर्यंत.